किल्ली त्यांच्याकडे, सही तुमच्याकडे

वाचकाचं पत्र:

"मी आणि माझे मिस्टर दोघंही पुण्यात नोकरी करतो. माहेर तासगावचं असल्यामुळे सांगलीची ओढ होतीच. गेल्या महिन्यात आम्ही शंभर फुटी रस्त्याच्या आत, शामरावनगरच्या बाजूला एक इमारत विकत घेतली. तळमजल्यावर दोन गाळे, वरच्या दोन मजल्यांवर चार वन बीएचके. सहाही ठिकाणी आधीपासूनच भाडेकरू आहेत. वरच्यांचं भाडं ८,००० रुपये, गाळ्यांचं १२,०००, म्हणजे महिन्याला ५६,००० येतात. डिपॉझिटची रक्कम व्यवहारातच वळती केली, असं जुने मालक तोंडी म्हणाले. आम्हाला दर महिन्याला सांगलीला येणं जमणार नाही, म्हणून सगळं बघायला कुणीतरी नेमायचं आहे. चार नावं समोर आहेत. एक इस्टेट एजंट आहे. तो भाड्याच्या ८ टक्के आणि प्रत्येक नव्या भाडेकरूमागे एक महिन्याचं भाडं मागतो. त्याच्याकडे महारेराचं (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) सर्टिफिकेट आहे, आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आमच्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार, करून द्या म्हणतो, म्हणजे आम्हाला यावंच लागणार नाही. दुसरे माझे चुलत सासरे. मिरजेत असतात, निवृत्त आहेत, एक पैसा घेणार नाहीत. तिसरा खालच्या गाळ्यातला स्पेअर पार्टवाला. तो म्हणतो, माझं भाडं माफ करा, इमारतीचं सगळं मी बघतो. चौथ्या एक बाई आहेत, आधी मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होत्या, आता मिरजेतल्या काही डॉक्टरांची भाड्याची घरं सांभाळतात. त्या महिन्याला सरसकट ३,५०० मागतात. कुणाला नेमू? आणि चुलत सासऱ्यांना न दुखावता ते कसं करू?"

– एक वाचक, पुणे

ताई,

चौघांपैकी कोण, ते सांगतेच. पण त्याआधी एक काम याच आठवड्यात उरकून घ्या. जुन्या मालकांना सोबत घेऊन सहाही भाडेकरूंना एकेक पत्र द्या. पत्रावर जुन्या मालकांची आणि तुमची, दोघांचीही सही हवी. अमुक तारखेपासून मिळकत आमची झाली, यापुढचं भाडं या खात्यात भरा, आणि तुमचं एवढं डिपॉझिट आमच्याकडे वर्ग झालं आहे, असं त्यात स्पष्ट लिहा. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. दुसऱ्या प्रतीवर प्रत्येकाची पोच घ्या.

घाई करायला कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ नुसार, मालक बदलल्याचं भाडेकरूला माहीत नसेल आणि त्याने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर तेच भाडं त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. शिवाय विक्रीच्या आधीची थकबाकी आपोआप नव्या मालकाची होत नाही. आणि डिपॉझिटचं म्हणाल, तर "वळती केली" हे शब्द खरेदीखतात नसतील तर उद्या एखादा भाडेकरू म्हणेल की मी ५०,००० दिले होते, आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल. जुने मालक आज गोडीत आहेत तोवर सह्या घ्या.

त्याच बैठकीत प्रत्येकाचा करार मागून घ्या आणि तो नोंदवलेला आहे की नुसता नोटरी केलेला, ते पाहा. सांगलीत अजूनही पुष्कळ जण स्टॅम्पवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारतात आणि झालं समजतात. तसं होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी अडचण म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. नव्या करारांचा खर्च फार नाही. एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. सहाही ठिकाणचे करार तुमच्या नावाने नव्याने करून घ्या.

आता तुमचा प्रश्न.

लांब राहून इमारत सांभाळायची तर पैसा आणि सही या दोन गोष्टी आपल्या हातातून जाऊ द्यायच्या नाहीत. भाडं आणि डिपॉझिट भाडेकरूच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात. करारावर सही तुमची किंवा मिस्टरांची. बाकी सगळं बिनधास्त दुसऱ्याकडे द्या: किल्ल्या, प्लंबर, पाण्याची मोटर, मीटरचं रीडिंग, रिकामी खोली दाखवणं, रात्री अकराला "वरून पाणी गळतंय" हा फोन घेणं. चौघांनाही मी याच मापाने मोजलं आहे.

एजंटाचं गणित कागदावर मांडून बघा. ८,००० च्या खोलीमागे त्याला महिन्याला ६४० मिळणार. अकरा महिने तो भाडेकरू नीट सांभाळला तर ७,०४०. आणि भाडेकरू गेला, नवा आणला, की एका दिवसात ८,०००. म्हणजे अकरा महिने सांभाळून जेवढं मिळतं त्याच्यापेक्षा जास्त एकदा माणूस बदलून मिळतं. तुमचं मात्र उलट आहे. खोली महिनाभर रिकामी राहिली तर ८,००० गेले, दलालीचे ८,००० गेले, रंगरंगोटी वेगळीच. तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण ज्या व्यवस्थेत तुमचं नुकसान हा समोरच्याचा फायदा होतो, तिथे चांगल्या माणसाचंही लक्ष हळूहळू दुसरीकडे वळतं. आठ टक्के म्हणजे वर्षाला ५३,७६० होतात, तेही दलाली सोडून.

त्यालाच नेमायचं ठरवलंत तर अटी बदलून घ्या. तोच भाडेकरू करार वाढवतोय तर दलाली नाही. नव्या भाडेकरूमागे अर्धा महिना. त्याने आणलेला माणूस अकरा महिन्यांच्या आत निघून गेला तर पुढचा फुकट आणायचा. आणि टक्केवारी फक्त खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या भाड्यावर, ठरलेल्या भाड्यावर नाही. या अटी ऐकून तो काय म्हणतो त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

महारेराच्या सर्टिफिकेटने भारावून जाऊ नका. ते खरं असेल, आणि त्यासाठी त्याने परीक्षाही दिली असेल. पण ती नोंदणी प्रकल्पांतली घरं आणि प्लॉट विकण्याच्या दलालीसाठी असते. चालू भाडेकरू सांभाळणं, दुरुस्त्या करणं, हिशोब ठेवणं यासाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही. त्यामुळे इथे कागद बघून नाही, काम बघूनच माणूस पारखावा लागतो.

आणि कुलमुखत्यारपत्र अजिबात देऊ नका. "तुम्हाला यावं लागणार नाही" हे कारण आता उरलेलंच नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सोयीतून होतो. तुम्ही पुण्यात आणि भाडेकरू सांगलीत, आपापल्या जागी आधारवर अंगठा देऊन तो नोंदवता येतो, अधिकृत सेवा देणारे घरी येऊन करून जातात. महावितरण किंवा महापालिकेत कुणाला पाठवायचं असेल तर त्या एका कामापुरतं साधं अधिकारपत्र लिहून द्या. अगदीच गरज पडली तर विशेष मुखत्यारपत्र करा. त्यात कामं एकेक करून लिहा, मुदत घाला, आणि विक्री, गहाण, भाडं स्वीकारणं हे अधिकार दिलेले नाहीत असंही स्पष्ट लिहा. भाडेकरू सांभाळायला इमारत विकण्याचा अधिकार कशाला लागतो?

स्पेअर पार्टवाल्याचा प्रस्ताव दिसायला सगळ्यात स्वस्त आहे. मला तो सगळ्यात महाग वाटतो. महिन्याला १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,००० तुम्ही सोडणार, एजंटाच्या टक्केवारीच्या अडीचपटीहूनही जास्त. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की भाडं थांबलं की तो गाळ्यात नेमका कुठल्या नात्याने बसला आहे हेच धूसर होतं. भाडेकरू, नोकर, की राखणदार? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मारिया मार्गारिडा फर्नांडिस प्रकरणात साफ सांगितलं आहे की राखणदार, नोकर किंवा सांभाळणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला मिळकतीत हक्क मिळत नाही. निकाल मालकाच्या बाजूचा आहे खरा, पण तो मिळवायला तिथवर जावं लागलं. तुम्ही त्या वाटेला पाऊलही टाकू नका. त्याने लक्ष ठेवलं, मोटर बिघडली की फोन केला, तर त्याचे वेगळे पैसे द्या, १,००० द्या, १,५०० द्या, तेही खात्यावर. भाडं मात्र दर महिन्याला पूर्ण आलंच पाहिजे.

त्याच्याबद्दल आणखी एक. तो किती वर्षांपासून आहे आणि कुठल्या कागदावर, हे आधी सांगलीतल्या वकिलांना दाखवून घ्या. जुना, तोंडी ठरलेला भाडेकरू असेल तर त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असू शकतं, आणि मग नव्या लायसन्स करारावर सही करायला तो तयार होईलच असं नाही. वरची घरं लायसन्सवर असतील तर त्यांचं तसं नाही. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपूनही कुणी जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. गाळ्यांना तो मार्ग नाही, तिथे दिवाणी कोर्टच. गाळा देताना म्हणूनच घरापेक्षा जास्त पारखावं लागतं, आणि तुमच्या व्यवस्थापकाला हा फरक माहीत असला पाहिजे.

आता त्या बाई. मला त्यांचं नाव सगळ्यात आशेचं वाटतं. होस्टेलच्या रेक्टरला माणसं, पाणी, तक्रारी, पालक आणि शिस्त एकाच वेळी सांभाळायची सवय असते, आणि रात्री फोन उचलण्याचीही. सरसकट ३,५०० म्हणजे वर्षाला ४२,०००. कुणी गेलं-आलं म्हणून त्यांचं काही वाढत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: खोली तीन महिने रिकामी राहिली तरी त्यांचे ३,५०० चालूच. त्यासाठी नवा भाडेकरू आणल्यावर १,५००–२,००० वेगळे द्या. तेवढ्याने रिकाम्या खोलीकडे लक्ष राहील आणि माणसं बदलत राहण्याचा मोहही होणार नाही.

पण आशेवर नेमणूक करू नका. एक शनिवार-रविवार काढून या आणि त्या सांभाळत असलेल्या दोन घरांत जा. मालक चांगलंच बोलतील, त्यांना बहुतेक गोष्टी कळतही नाहीत. भाडेकरूंना विचारा: नळ गळायला लागला तर किती दिवसांत माणूस येतो? शेवटची पावती कधी मिळाली? जिना कोण झाडतं? आणि अलीकडे खोली सोडून गेलेल्या कुणाचा नंबर मिळाला तर त्याला विचारा, डिपॉझिट किती दिवसांत आणि किती कापून परत आलं. जाणारा माणूस खरं बोलतो, त्याला आता कुणाची भीड नसते.

बाईंना स्वतःला विचारायचे प्रश्न वेगळे. गेल्या महिन्याचा एखाद्या घराचा हिशोब दाखवा म्हणा, नावं झाकून. एका पानावर भाडं, खर्च, बिलांचे फोटो असं नीट दिसलं तर अर्धं काम झालं. "सगळं माझ्या डोक्यात असतं" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा, बाई कितीही प्रेमळ असल्या तरी. मग विचारा, भाडं थकवणाऱ्या माणसाला तुम्ही शेवटचं कसं बाहेर काढलंत? हा प्रश्न चौघांनाही विचारा. "पाणी तोडलं, तीन दिवसांत गेला" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याला नेमू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी-वीज अशा आवश्यक सोयी तोडणं हा गुन्हा आहे, आणि तक्रार झाली तर तुमचंही नाव त्यात येतं. पाणी तोडण्याची कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचते, त्याच्या हातात चार कुटुंबांची घरं द्यायची नाहीत.

आणखी एक गोष्ट तुम्हीच आधी बोलून टाका, कारण तुम्ही बोलला नाहीत तर कुणीतरी तुमच्या नावावर बोलेल. "मालकांना अमुक समाजाचे नकोत", "मालकांना मांसाहारी चालत नाही" ही वाक्यं सांगली-मिरजेत भाड्याने घर शोधणाऱ्या कितीतरी मुलींनी ऐकलेली आहेत, आणि मालकांना ती कुणीतरी आपल्या तोंडी घातली याचा पत्ताही नसतो. मिरजेच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या नर्सेस, शिकाऊ डॉक्टर, कुपवाड एमआयडीसीतले कामगार, कॉलेजची पोरं, यातूनच तुमचे भाडेकरू येणार. ओळखपत्र, नोकरीचा किंवा कॉलेजचा पुरावा, आधीच्या घरमालकाशी एक फोन, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती, एवढं बघायचं. जात-धर्म विचारायचा नाही, हे नेमणुकीच्या कागदात एका ओळीत लिहा.

आता पुराचं, कारण तुमची इमारत शामरावनगरच्या बाजूला आहे. पुण्यात राहून कदाचित याचं गांभीर्य जाणवणार नाही. तिथे कृष्णेचं पाणी चढण्याआधी पावसाचंच पाणी साचतं, कारण भाग खोलगट आहे आणि निचरा नीट होत नाही. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांनी या शहराला शिकवलं आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीतली घरं पातळीचे मेसेज बघत जागी राहतात. तुमचे खालचे दोन गाळे, मीटरचा बोर्ड, मोटर आणि जमिनीखालची टाकी, सगळं त्या पाण्याच्या वाटेवर आहे.

म्हणून व्यवस्थापक निवडताना मी एक प्रश्न सगळ्यांच्या वर ठेवीन: जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही सांगलीत असता का, आणि पाणी ४० फुटांवर गेलं की तुम्ही काय करता? चांगल्या माणसाकडे या प्रश्नाला क्रमवार उत्तर असतं. गाळेवाल्यांना माल वर न्यायला सांगणार. मोटर सोडवून जिन्यात ठेवणार. पाणी दारात येण्याआधी मेन स्विच बंद करणार. वरच्या घरांत कोण म्हातारं, कोण आजारी, कोणाच्या घरी लहान बाळ, हे आधीच माहीत असणार. पाणी ओसरल्यावर झाडलोट करण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढणार, पंचनाम्याला हजर राहणार, टाकी उपसून धुवून क्लोरिन टाकल्याशिवाय मोटर चालू करू देणार नाही, आणि वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला कुणाला हात लावू देणार नाही. हे सगळं एकट्या माणसाला होत नाही. म्हणून विचारा, तुमचा वायरमन कोण, प्लंबर कोण, आणि ते स्वतः कुठे राहतात? वायरमनचंच घर पाण्यात असेल तर त्या आठवड्यात तो येणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

२०१९ ला माझ्या ओळखीतल्या एका मुंबईकर मालकाच्या घरी नेमका हाच प्रकार झाला. सांभाळणारा माणूस गावी गेलेला, फोन बंद. वरच्या मजल्यावर अडकलेल्या दोन कुटुंबांना कुणाला विचारावं कळेना. पाणी उतरल्यावर भाडेकरूंनीच बिचाऱ्यांनी चिखल काढला, आणि फोटो काढायचं कुणाच्याच लक्षात न आल्याने विम्याच्या दाव्यात मालकांना फार झगडावं लागलं. त्यातल्या एका कुटुंबात आठ महिन्यांची गरोदर मुलगी होती. तुमच्या इमारतीत राहणारी माणसं तुमच्या भरवशावर आहेत, ताई. व्यवस्थापक नेमताना तुम्ही तो भरवसा कुणाच्या तरी हातात देताय.

विम्याचंही यातच आलं. वरच्या घरांसाठी "भारत गृह रक्षा" ही ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, त्यात पूर धरलेला आहे. गाळ्यांचा भाग त्यात बसत नाही, त्यासाठी वेगळी विचारणा करा. मालकाची पॉलिसी बांधकामाची असते. भाडेकरूच्या सामानाचा विमा त्याने स्वतः काढायचा, हे करार करतानाच त्याला सांगा. पॉलिसी पावसाळ्याआधी हातात हवी.

नेमणुकीचा कागद साधा, दोन पानांचा असावा, ५०० च्या स्टॅम्पवर. सहा महिने, मग एक महिन्याच्या नोटिशीने कुणीही मोकळं. २,००० पर्यंतची दुरुस्ती न विचारता, त्यावर फोटो पाठवून विचारून, १०,००० च्या वर असेल तर दोन कोटेशन. आग, पूर, गळका गॅस अशा वेळी आधी काम करायचं, मग सांगायचं. दुरुस्तीच्या बिलावर व्यवस्थापकाने स्वतःचं कमिशन घ्यायचं नाही, हे वाक्य मात्र विसरू नका, कारण बहुतेक गळती तिथूनच होते. हिशोब दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत, सोबत सहाही वीज मीटरच्या रीडिंगचे फोटो. घरगुती मीटरवर कुणी शिकवणी किंवा पार्लर चालवत असेल तर ते या फोटोंवरून लवकर लक्षात येतं. असा वापर अनधिकृत ठरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि मीटर तुमच्या नावावर असेल तर नोटीस तुम्हाला येते. मीटर अजून जुन्या मालकांच्या नावावर असतील, तेही बदलून घ्या.

कराबद्दल थोडक्यात. व्यवस्थापकाची फी भाड्याच्या उत्पन्नातून वेगळी वजा करता येत नाही. घरपट्टी भरलेली वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि दुरुस्ती, वसुली, देखरेख सगळं त्यातच धरलेलं असतं. तेव्हा फी ठरवताना "करात सुटेल" हा हिशोब डोक्यातून काढून टाका.

राहता राहिले चुलत सासरे. त्यांच्या हेतूबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण ते पैसे घेणार नाहीत, म्हणजे त्यांच्याकडे हिशोब मागायला तुमची जीभ रेटणार नाही. चार महिन्यांनी एखादं बिल जास्त वाटलं तर तुम्ही गप्प बसाल, मिस्टर गप्प बसतील, आणि ते मनात राहील. भाडं थकवणाऱ्या माणसाच्या दारात त्यांनी उभं राहावं हे तुम्हाला बघवेल का? आणि ऑगस्टच्या पावसात, मिरज-सांगली रस्त्यावर पाणी असताना, त्यांना मोटर सोडवायला पाठवाल? तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही "कुणाला नेमू" एवढंच विचारून थांबला नाहीत, "न दुखावता कसं" हेही विचारलंत.

त्यांच्याशी फोनवर बोलू नका, मिरजेला जा. मिस्टरांना सोबत घ्या, कारण नातं त्यांच्या बाजूचं आहे आणि हे त्यांनीच बोलायला हवं. "काका, रोजच्या धावपळीला आम्ही पगारी माणूस ठेवतोय. तुमच्याकडून आम्हाला दुसरं हवं आहे," असं सांगा, आणि ते खरंच द्या. चाव्यांचा दुसरा जुडगा त्यांच्याकडे ठेवा. कागदपत्रांच्या झेरॉक्सची फाइल त्यांच्याकडे असू द्या. तीन महिन्यांतून एकदा, त्यांच्या सवडीने, इमारतीवर एक चक्कर मारून "कसं चाललंय" ते तुम्हाला सांगायचं. व्यवस्थापकाच्या कागदातही लिहा की घरातलं एक मोठं माणूस अधूनमधून येऊन बघेल. त्या बाईंशी शेवटची भेट ठरवाल तेव्हा काकांनाही बोलवा. मिरजेतली माणसं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतात, आणि बाई ज्या डॉक्टरांची घरं सांभाळतात त्यातले एकदोन त्यांच्या ओळखीचेही निघतील. त्यांनी स्पष्टपणे "हिला नको" म्हटलं, तर ते ऐका आणि पुन्हा शोधायला लागा. तोवर दोन महिने तुम्ही स्वतः फोनवर सांभाळा. भाडं थेट खात्यात येत असलं आणि एक प्लंबर, एक वायरमन यांचे नंबर तुमच्याकडे असले, तर सहा भाडेकरूंसाठी तेवढं जमतं.